त्रेचाळीसचा आकडा

गोकुळदास गेल्याच्या पाचव्या दिवशी विनोदिनी धारगळच्या स्टॉपवर नेहमीच्या बसमध्ये चढली. जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली, आणि इतक्यात पुढच्या दाराशी पत्र्यावर दोन थापा पडल्या. "चल फुडें," कुणीतरी म्हणालं. तिने झटकन मान वर केली. दाराशी नवा कंडक्टर उभा होता. त्याचे दोन्ही हात तिकिटांत गुंतले होते आणि तोंडात विडा होता. थाप त्याने मारली नव्हती, बोलला तर मुळीच नव्हता. शेजारची बाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाकी कुणाला काही ऐकू आल्यासारखं दिसलं नाही. बस मात्र सुटली.

म्हापसा ते पेडणे या खाजगी बसवर गोकुळदासांनी कंडक्टर म्हणून सव्वीस वर्षं काढली होती. कोलवाळचा पूल, महाखाजन, धारगळ, मालपें, असं ओरडत ते दिवसातून आठ वेळा तोच रस्ता कापायचे. कोण कुठे उतरतो, कुणाची सून बाळंत झाली, कुणाचं काम अडलंय, सगळं त्यांना ठाऊक. चौदा वर्षांपासून त्यांना साखर होती आणि त्यातली नऊ वर्षं रक्तदाबाची गोळीही चालू होती. दर तीन महिन्यांनी ते उपाशीपोटी पेडण्याच्या बाजारातल्या लॅबमध्ये येत आणि विनोदिनीपुढे बाही वर करून बसत.

लॅब लहानशी, औषधांच्या दुकानावर दोन खोल्यांची. मुख्य लॅब डिचोलीला. तिचे मालक डॉक्टर दत्तप्रसाद मंगळवारी आणि शुक्रवारी पेडण्याला येत. इतर दिवशी रक्त काढायचं, नळ्या फिरवायच्या, यंत्राला लावायच्या, आकडे तपासून रिपोर्ट छापायचा, हे सगळं विनोदिनीच करायची. डॉक्टरांची सही छापूनच यायची. सोळा वर्षं ती हे काम करत होती आणि कामात चोख म्हणून तालुक्यात तिचं नाव होतं.

जानेवारीतल्या त्या सोमवारी बावीस जण आले होते. फिरत्या यंत्राचं झाकण उघडलं तर एक नळी इतरांपेक्षा वेगळी दिसली. लाल रक्त खाली बसलं होतं आणि वर जे फिकट पिवळं, स्वच्छ पाणी यायला हवं, ते नारळाच्या दुसऱ्या रसासारखं दुधाळ होतं. नळीवर गोकुळदासांचं नाव. असं रक्त तिने पूर्वीही पाहिलं होतं. रक्तात चरबी फार वाढली की ते तसं दिसतं. यंत्राने आकडे दिले: एकूण कोलेस्ट्रॉल एकशे अठ्ठ्याहत्तर, चांगलं कोलेस्ट्रॉल एकतीस, आणि ती चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, पाचशे वीस. आणि खाली, वाईट कोलेस्ट्रॉलच्या म्हणजे एलडीएलच्या ओळीत, त्रेचाळीस.

हा शेवटचा आकडा यंत्र मोजत नाही, वरच्या तिघांवरून कॉम्प्युटर तो गणिताने काढतो. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेले की ते गणित कोलमडतं आणि आकडा खोटाच कमी येतो. ही गोष्ट विनोदिनी शिकली होती. पूर्वी अशा वेळी कॉम्प्युटर ती ओळ कोरी सोडायचा आणि खाली टीप छापायचा. उन्हाळ्यात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हापासून टीप येत नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. त्रेचाळीसवर तिची नजर अडकली. डॉक्टरांना फोन करावा असं मनात आलं. बाहेर दोन बायका उपाशी बसल्या होत्या, एक म्हातारा चक्कर येतेय म्हणत होता. तिने रिपोर्ट छापला आणि संध्याकाळी बघू म्हणून पुढची नळी उचलली. संध्याकाळी ती विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमध्ये चढली, तर गोकुळदासांनी भरल्या बसमध्ये दारातूनच हाक दिली.

"विनोदिनीबाय, त्रेचाळीस! आता माका शंभर वर्सां मरण ना."

लोक हसले. पन्नास-साठच्या आत म्हणजे जवान पोराचं रक्त, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं आणि ते हरखून गेले होते. त्याच क्षणी विनोदिनीला सगळं आठवलं. बोलायला तोंड उघडलं, पण एवढ्या माणसांत, त्यांचा तो चेहरा बघून, शब्द फुटेना. उतरताना सांगू, असं तिने ठरवलं. उतरताना गर्दी होती. मग दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. दररोज ते आकडा बोटांवर नाचवत दाखवायचे आणि दररोज ती हसायची. आठवडा उलटल्यावर ते सांगणं इतकं जड झालं की तिने त्यांच्याकडे बघायचंच सोडून दिलं.

तेविसाव्या दिवशी दुपारच्या फेरीला, मालपेंच्या चढावर, गोकुळदास पुढच्या सीटवर बसले. ते कधी बसत नसत. ड्रायव्हरला वाटलं, पाय दुखले असतील. पेडण्याला बस रिकामी झाली तरी ते उठले नाहीत.

विनोदिनीला हे लॅबमध्येच कळलं. रक्त द्यायला आलेल्या एका बाईने बाही सारता सारता सांगितलं, आणि सुई टोचली जात असताना सहज विचारलं, "तुमच्या हंयचो रिपोर्ट बरो आशिल्लो मगे त्यांचो?"

पाचव्या दिवशी बसमधली पहिली थाप ऐकू आली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

बसमधली ती थाप रोज पडू लागली. कधी मालपेंला, कधी धारगळलाच. काही वेळा नुसता घसा खाकरल्याचा आवाज यायचा, हाक मारण्याआधी ते खाकरत तसा. पुढच्या सीटवर माणूस बसलेला असला तर तिला हायसं वाटे. सीट रिकामी असली की तिच्या रेक्झिनवर कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा खळगा दिसे आणि तो हळूहळू भरून वर येई. तिने मागच्या दाराने चढायला सुरुवात केली. मग मागचं दार वाजू लागलं.

लॅबमध्येही सुटका नव्हती. तपासून झालेल्या नळ्या फ्रिजमध्ये सात दिवस ठेवून टाकून द्यायचा नियम होता. फ्रिज आवरताना मागच्या कोपऱ्यात, आडव्या पडलेल्या खोक्याखाली, तिला गोकुळदासांची नळी सापडली. ती राहूनच गेली होती. वर पांढरी साय धरली होती, बोटभर जाड. तिने ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायला हातात घेतली आणि परत जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झाकण उघडलं की थंड वाफेतून आधी ते नाव दिसायचं, तिच्याच हाताने लिहिलेलं.

घरी तिचा नवरा शंभू वीजखात्यात लाइनमन. तो म्हणाला, माणूस गेला की आठवणी होतातच, पंधरा दिवसांनी जाईल. तिने त्याला आकड्याचं काही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी तिने सोलकढीसाठी नारळ वाटला, रस पिळला आणि भांड्यात ते पांढरं पाणी बघून मोरीत ओतून दिला. शंभूने विचारलं तेव्हा नासला होता म्हणाली. मनातल्या मनात तिची एकच वजाबाकी चालू असे. एकशे अठ्ठ्याहत्तरातून एकतीस गेले, एकशे सत्तेचाळीस. चांगलं कोलेस्ट्रॉल वगळून उरलेलं सगळं वाईट. या वजाबाकीला ट्रायग्लिसराइडचा अडथळा नाही, ती कधी खोटं बोलत नाही. साखर आणि दाब दोन्ही असलेल्या माणसाला एकशे सत्तेचाळीस म्हणजे फार. दुसरीतल्या पोराला जमेल असं गणित, आणि ते कागदावर नव्हतं.

महिना झाला तेव्हा तिने रजा टाकली आणि डिचोलीला गेली. दत्तप्रसाद मुख्य लॅबमध्ये होते. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, बसमधलं सोडून. मग त्यांनी जुना रिपोर्ट पडद्यावर उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

ते म्हणाले की चूक तिच्या एकटीची नाही. नव्या कॉम्प्युटरवर काय आलं आणि काय गळलं, हे त्यांनी स्वतः तपासायला हवं होतं. सही त्यांची होती. तिने विचारलं, खरा आकडा कळला असता तर गोकुळदास वाचले असते का.

"ते मला सांगता येणार नाही, विनोदिनी. चौदा वर्षांची साखर, वर दाब. त्यांच्या हृदयाला धोका होताच, कोलेस्ट्रॉल काहीही असो. तेवीस दिवसांत काय बदललं असतं, कोण सांगणार? पण त्यांना खोटा दिलासा आपण दिला, एवढं खरं."

त्यांनी त्याच दुपारी टीप परत बसवून घेतली आणि रिपोर्टमध्ये वजाबाकीची ती ओळही वेगळी घातली. मग जुने सगळे रिपोर्ट चाळायला सांगितले. उन्हाळ्यापासून असे खोटे कमी आकडे अकरा जणांना गेले होते. दत्तप्रसाद म्हणाले की अकराही जणांना फोन करायचा, चूक कबूल करायची आणि फुकट तपासणी करून द्यायची. फोन मी करते, असं विनोदिनी म्हणाली.

यादी घेऊन ती पेडण्याला परतली. पहिल्या तिघांनी नीट ऐकून घेतलं. चौथ्याने शिव्या घातल्या. पाचवी बाई रडली. सुर्ल्याचा एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, मग मी खाल्लेले पापलेट परत काढू काय. यादी नावांच्या क्रमाने नव्हती, तारखांच्या क्रमाने होती, आणि गोकुळदास सर्वांत शेवटी होते. त्या नावापुढे काही न लिहिता यादी बंद करता आली असती. ती नंबराकडे बघत बसली. बाहेर टळटळीत दुपार होती, खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकत होतं. तिने नंबर लावला.

चार वेळा वाजल्यावर फोन उचलला गेला. पलीकडे घसा खाकरला.

"कोण?" गोकुळदास म्हणाले.

तिच्या हातून फोन मेजावर पडला. तिथूनही आवाज येत राहिला, तोच खरखरीत, शेवटचं अक्षर लांबवणारा. "कोण उलयता? हॅलो?" तिने सगळं बळ एकवटून फोन कानाला लावला आणि विचारलं, आपण कोण. पलीकडचा म्हणाला, "गौरेश. पप्पांचा नंबर आहे हा. तुम्ही कोण?"

उद्या घरी येते, एवढंच सांगून तिने फोन ठेवला.

कासारवर्ण्याला गोकुळदासांचं घर रस्त्याच्या थोडं वर, काजूच्या झाडांत होतं. प्रभावतीने, त्यांच्या बायकोने, तिला ओळखलं. बस थांबवून ते कधीतरी दाखवायचे, ही आमची रक्तवाली, असं ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. गौरेश दारातच उभा राहिला. एकोणतीसचा, अंगाने भरलेला, बापासारखाच रुंद. कुठल्याशा कंपनीच्या गोदामात सुपरवायझर होता. विनोदिनीने पाण्याचा गडू हातात धरला, पण प्यायली नाही. खाली मान घालून ती सांगत गेली: दुधाळ नळी, त्रेचाळीस, बसमधलं हसणं, रोजचं गप्प बसणं.

गौरेशने ऐकून घेतलं आणि तो फार शांतपणे बोलला. बापाच्या आवाजात.

"त्या आकड्यामुळे पप्पांनी कोलेस्ट्रॉलची रात्रीची गोळी बंद केली. त्या गोळीने पायात गोळे येतात म्हणायचे. डॉक्टरकडे पण गेले नाहीत, म्हणाले आता कशाला. तुम्ही एक शब्द सांगितला असता तर?"

तो पायऱ्या उतरून झाडांत निघून गेला. प्रभावती मात्र तिथेच खाली बसली होती, गुडघ्यांवर हात टेकून. मग तिने सांगितलं ते अगदी हळू, घरात तिसरं कुणी ऐकणार नाही अशा बेताने.

"चार दीस त्येंच्या जबड्यात दुखत होतां. दात म्हणान मी लवंगेचां तेल लावलंय. रोज लावलंय. डाव्या हातात पण कळ येता म्हणाले, तां मी झोपेत अवघडलां म्हटलंय. ह्यां मी झिलाक, गौरेशाक, अजून सांगलंय ना."

विनोदिनीने वर बघितलं. प्रभावतीचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली की पहाटे साडेपाचला न्हाणीत तांब्या वाजतो, ते पहिल्या फेरीला जायचे तेव्हा वाजायचा तसा. ती उठून जाते. न्हाणी कोरडी असते, पण तांब्या पालथा घातलेला असतो तो उताणा झालेला असतो. गौरेशला ती म्हणते, मांजर आलं असेल. विनोदिनीने मग पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, बसमधली थाप, खाकरणं, सीटवरचा खळगा. खोटं, भास, असं दोघींपैकी कुणीही म्हटलं नाही.

निघताना विनोदिनीने माफी मागितली. प्रभावतीने मान हलवली.

"माफ करूक माका येवचां ना, बाय. माका माजांच करूक येणा ना. तू गौरेशाचां रगत बघ. तो माजां आयकणा ना."

गौरेश तिचंही ऐकणार नव्हता. फोन केला की तो उचलायचा, तिचा आवाज ओळखायचा आणि ठेवून द्यायचा. बापाचे रिपोर्ट चांगले होते तरी बाप गेला, मग रिपोर्ट हवेत कशाला, असं त्याने आईला ठणकावून सांगितलं होतं. विनोदिनी तरी दर दोन दिवसांनी फोन लावत राहिली. दर वेळी तोच आवाज ऐकू यायचा, तरी लावत राहिली. आपण गोकुळदासांनाच पुन्हा पुन्हा फोन करतोय, तेव्हा सांगायचं राहिलं ते सांगायला, असं तिला वाटे.

आठव्या फोननंतर, एका शनिवारी, तो जिना चढून आला. आईने दोन दिवस जेवण सोडलं होतं. तो खुर्चीत बसला आणि बाही वर केली. हातही तसाच, कोपराजवळ तसाच तीळ. विनोदिनीने शीर धरली. सुई जाताना त्याने तोंड फिरवलं. त्याला सुईची भीती होती हे तिला तेव्हा कळलं, आणि एवढं एकच त्याचं स्वतःचं होतं. गोकुळदास सुईकडे बघत बघत गप्पा मारत.

तो खाली चहाला गेला. नळी फिरून झाली, यंत्र थांबलं, तरी तिला झाकण उघडवेना. हात पुसले, टेबल पुसलं, पुन्हा हात पुसले. शेवटी उघडलं.

नळी दुधाळ होती.

बापाएवढी दाट नव्हती, पण आरपार काही दिसत नव्हतं. ट्रायग्लिसराइड चारशे चाळीस. एलडीएलच्या ओळीत कॉम्प्युटरने लिहिलं: गणिताने काढता येत नाही. खालच्या, वजाबाकीच्या नव्या ओळीत एकशे एकाहत्तर. उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठेचाळीस. एकोणतीस वर्षांचा मुलगा, आणि साखर आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिने रिपोर्ट छापला आणि संध्याकाळपर्यंत नाही, पाच मिनिटंही नाही, तशीच जिना उतरून चहाच्या दुकानात गेली. चार माणसं बसली होती. त्यांच्या देखत ती त्याच्या समोर बसली.

"गौरेश, हे चांगलं नाही. मी तुला सगळं सांगते, मधेच उठू नको."

तो उठला नाही. तिने एकेक आकडा सांगितला, कुठला मोजलेला, कुठला काढता येत नाही आणि का, ते सांगितलं. चहावर साय धरली. शेवटी त्याने खाकरून विचारलं, "आता मी काय करू?"

आजच्या आज डॉक्टर, ती म्हणाली. ती स्वतः त्याच्याबरोबर गेली. दाबही वाढलेला निघाला. डॉक्टरांनी त्याची छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती ठीक होती. साखर पक्की करायला आणखी एक तपासणी सांगितली, गोळ्या दिल्या, आणि गोदामातलं बसणं, रात्रीचं ढोसणं, सगळ्याचा हिशेब घेतला. तुझ्या वयात हे कळलं म्हणजे अजून बरंच हातात आहे, असं ते म्हणाले. गौरेशने बाहेर आल्यावर विनोदिनीचे आभार मानले नाहीत. पण दुसऱ्या तपासणीला तो न बोलावता आला.

त्यानंतरच्या सोमवारी तिने फ्रिजमधली गोकुळदासांची नळी पिवळ्या पिशवीत टाकली. गाडी येऊन पिशवी घेऊन गेली. बसमधली थाप थांबेल असं तिला वाटलं होतं. ती थांबली नाही. फरक एवढाच की ती आता पुढच्या दाराने चढते. यादीतल्या उरलेल्या दहांपैकी सात जण तपासून गेले, दोघांनी दुसरीकडे तपासलं, एक अजून फोन उचलत नाही. त्या एकाला ती दर सोमवारी फोन लावते.

एप्रिलमध्ये प्रभावती लॅबमध्ये आली. एकटी, उपाशीपोटी, पहिल्या बसने. तिला सहा वर्षं दाबाची गोळी होती आणि कोलेस्ट्रॉल तिने जन्मात कधी मोजलं नव्हतं. घरात तपासणी म्हणजे त्यांची, आपली कशाला, असंच चाललं होतं. तिची शीर सापडायला वेळ लागला, दोनदा टोचावं लागलं. विनोदिनीने कापूस दाबून धरला आणि सांगितलं की रिपोर्टला दोन तास लागतील, तोवर खाऊन या, किंवा घरी जा, मी फोन करीन.

"हंयच बसतंय," प्रभावती म्हणाली. "माका घाई ना."

ती बाकावर बसली. विनोदिनीने खालून पाव आणि चहा आणून दिला. माणसं आली, गेली, नळ्या फिरल्या. साडेदहाला कागद छापून झाला तेव्हा विनोदिनी तो घेऊन बाहेर आली. प्रभावती थोडी बाजूला सरकली. तिच्या शेजारी बसून विनोदिनीने कागद दोघींच्या मांडीवर पसरला, सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली.